अश्वगंधा खाऊन खरंच झोप येते का हो?

रात्री साडेदहाला आम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढतो, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत येणारी गिऱ्हाईकं साधारण दोनच प्रकारची असतात, एक बाळाचं डायपर संपलेली आणि दुसरी झोप न येणारी. मी लालबागला एका मेडिकलमध्ये फार्मसिस्ट आहे, काउंटरवर उभं राहून अकरा वर्षं झाली. पूर्वी झोपवाले हळू आवाजात विचारायचे, "ताई, ती झोपेची एखादी गोळी मिळेल का", आणि मी चिठ्ठी मागितली की तोंड पाडून निघून जायचे. हल्ली आवाज मोठा झालाय. "ताई, अश्वगंधा द्या." चिठ्ठीची भानगड नाही, लपवायचं काही नाही, उलट आपण काहीतरी शहाणपणाचं करतोय असा चेहरा असतो.

मागच्या महिन्यात एक काका आले, बेस्टमधून रिटायर झालेले, आमचे नेहमीचे. मोबाइल माझ्यापुढे धरला. वर सुनेने पाठवलेली रील, सात दिवसांत गाढ झोप. खाली मित्राने पाठवलेली बातमी, अश्वगंधेने लिव्हर खराब, डेन्मार्कमध्ये बंदी. दोन्ही एकाच दिवशी आलेलं. "आता तूच सांग, औषध आहे का विष?" मागे लाइन लागलेली, मी एवढंच म्हटलं की काका तुम्ही थायरॉइडची गोळी घेता ना, मग आज तरी नको. ते गेले, पण त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं, आणि घरी जाताना ट्रेनमध्ये मलाच वाटत राहिलं की आपण अर्धवट उत्तर दिलं. तर हे पूर्ण उत्तर. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी हे झाड कुठलं ते बघू

अश्वगंधेला आपल्याकडची जुनी माणसं आस्कंद म्हणतात, काही ठिकाणी ढोरगुंज पण म्हणतात. कमरेएवढं झुडूप असतं. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू, धोतरा हे सगळं एकच कुळ आहे आणि अश्वगंधा त्यांच्याच भावकीतली. (एकाच कुळात भरल्या वांग्याचं वांगं पण आणि धोतरा पण, यावरून "झाडाचं आहे म्हणजे चांगलंच" या वाक्यात किती दम आहे ते बघा.) फळ छोटं, लाल, कागदी पिशवीत गुंडाळल्यासारखं, रसभरीसारखं दिसतं, इतकं की लिनियस या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा रसभरीच्याच गटात टाकलं होतं. आता शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, आणि सोम्निफेरा म्हणजे लॅटिनमध्ये झोप आणणारी. म्हणजे झोपेचं नाव रीलवाल्यांनी चिकटवलेलं नाही, ते जुनंच आहे.

घोडा कुठून आला? ताज्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा. बाटलीवर उधळलेला घोडा छापतात तो ताकदीसाठी, पण नाव मुळात वासावरून पडलंय.

औषधाला मूळ वापरतात. याची मोठी शेती मध्य प्रदेशात नीमच, मंदसौर भागात, आणि नीमचची मंडी औषधी मालासाठी प्रसिद्धच आहे. पाचसहा महिन्यांचं पीक, पाणी कमी लागतं, झाड उपटून मुळं कापून सुकवतात आणि जाडीप्रमाणे माल वेगळा करतात. भुलेश्वरला काष्ठौषधीच्या दुकानात मागितलंत तर फिकट तपकिरी वाळक्या काड्या काढून देतील, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल चूल पेटवायला दिल्या.

इथे एक वाट सोडून सांगते कारण हे माझ्यासमोर झालंय. झोपेसाठी आयुर्वेदात तगर पण वापरतात. एका ताईंनी ते कुठेतरी वाचलं आणि सोसायटीच्या कंपाउंडमध्ये तगरीचं झाड आहे, पांढरी फुलं येतात, देवाला वाहतो, त्याची पानं उकळून प्यायली तर चालतील का असं विचारायला आल्या. विचारायला आल्या हे नशीब! औषधातलं तगर हे हिमालयाकडच्या एका वेगळ्याच झाडाचं मूळ आहे आणि कंपाउंडमधली तगर कण्हेरीच्या कुळातली, पान तोडलं की पांढरा चीक येतो. नाव एक, झाडं दोन. असं आपल्याकडे खूप आहे, त्यामुळे नाव ऐकून पानं तोडायची नाहीत.

झोप येत नाही म्हणजे नक्की काय होतं?

हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही म्हणून दोन मिनिटं द्या.

दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचं एक रसायन साचत जातं, दादरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लेट झाली की कशी गर्दी साचते तसं. जेवढी गर्दी तेवढा झोपेचा दाब. चहा-कॉफीतलं कॅफिन ही गर्दी कमी करत नाही, फक्त ती मेंदूला दिसू देत नाही. आणि घेतलेल्या कॅफिनमधलं निम्मं पाच तासांनीसुद्धा अंगात असू शकतं, म्हणजे रात्री नऊचा चहा मध्यरात्रीनंतर पण ड्युटीवर असतो. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, जे अंधार-उजेडावर चालतं. दाब आणि घड्याळ जुळलं की झोप लागते.

मग ज्यांचा दाब पण आहे, घड्याळ पण ठीक आहे, अंग मोडून आलंय, तरी डोळे टक्क उघडे, त्यांचं काय? त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन झोपू देत नाहीये. वॉचमन म्हणजे शरीराची ताणाची यंत्रणा. धोका दिसला की तिने जागं ठेवायचं हे तिचं कामच आहे, त्यासाठी ती कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वापरते. हे कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात खाली असायला हवं आणि पहाटेकडे चढायला हवं. पण ईएमआय, मुलाची दहावी, ऑफिसचा रात्री अकराला आलेला मेसेज, यातलं काहीही या वॉचमनला चोरासारखंच दिसतं. मग तो रात्रभर काठी आपटत, शिट्टी मारत फिरतो.

झोपेची खरी गोळी, म्हणजे अल्प्राझोलॅम किंवा झोल्पिडेम वगैरे, ती काय करते? मेंदूचा ब्रेक असतो, गाबा नावाचं रसायन, त्याचा जोर ती वाढवते. बिल्डिंगचं मेन स्विच बंद केल्यासारखं. अर्ध्या तासात अंधार. म्हणूनच या गोळ्या शेड्यूल एच-१ या सरकारच्या कडक नियमांच्या यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, मला रजिस्टरमध्ये डॉक्टरचं, पेशंटचं नाव लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. कारण सवय लागते, आणि नंतर गोळीशिवाय झोप लागेनाशी होते.

मग अश्वगंधा काय करते?

ती मेन स्विचला हात लावत नाही. ती, जेवढं आतापर्यंत कळलंय त्यावरून, त्या वॉचमनला हळूहळू खुर्चीवर बसवते. एका दिवसात नाही, आठवडे लागतात. इथेच बहुतेक लोकांचा घोळ होतो. लोक रात्री दहाला कॅप्सूल घेतात आणि साडेदहाला डोळे मिटून वाट बघतात, आली का, आली का. ती अशी येतच नाही.

अश्वगंधेच्या मुळामध्ये विथॅनोलाइड नावाची द्रव्यं असतात, काम मुख्यतः त्यांचं असं मानतात. हैदराबादला झालेल्या आणि २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ताणाखाली असलेल्या ६४ लोकांवर प्रयोग केला, निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलीग्राम दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. ६० दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचं रक्तातलं कॉर्टिसॉल जवळपास २८ टक्क्यांनी उतरलं होतं. गाबाच्या ब्रेकवर पण थोडा परिणाम होतो असं प्रयोगशाळेत दिसलंय.

अजून एक गंमत. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवर करून बघितलं तर झोप आणणारा पदार्थ सापडला तो ट्रायएथिलिन ग्लायकॉल नावाचा, विथॅनोलाइड नव्हेच, आणि तो पण पानांत. आता झालं ना त्रांगडं? आपण खातो मूळ, कंपन्या मोजतात विथॅनोलाइड, आणि उंदीर झोपला पानातल्या तिसऱ्याच गोष्टीने. उंदरावरून माणसाचं ठरवता येत नाही हे खरं, पण झोपेचं कोडं पूर्ण सुटलेलं नाही एवढं यावरून नक्की समजतं.

किती फरक पडतो? आकडा सांगा

सांगते, आणि तुम्हाला तो आवडणार नाही.

नवी मुंबईतल्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. निद्रानाश असलेले ६० लोक, ४० जणांना अर्क, २० जणांना खोटी गोळी, दहा आठवडे. मनगटावर यंत्र बांधून मोजलं की आडवं पडल्यावर झोप लागायला किती वेळ जातो. शेवटी अर्कवाल्यांना सरासरी २९ मिनिटं लागत होती आणि खोट्या गोळीवाल्यांना साधारण ३४.

पाच मिनिटं!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, दहा आठवडे गोळ्या खाऊन पाच मिनिटं, तेवढ्यात करी रोडचा ब्रिज पण ओलांडून होत नाही. पण पूर्ण सांगायचं तर त्याच लोकांना झोपेची प्रत सुधारल्यासारखी वाटली, अंथरुणात घालवलेल्या वेळातला झोपेचा हिस्सा वाढला, मनाची धाकधूक कमी झाली. ज्याला महिनोन्‌महिने सकाळी उठल्यावर मार खाल्ल्यासारखं वाटतंय त्याला एवढं पण कमी नसतं.

२०२१ मध्ये मलेशियातल्या संशोधकांनी असे पाच अभ्यास, मिळून ४०० लोक, एकत्र घेऊन हिशोब मांडला. निघालं असं की फरक पडतो, लहान आहे पण आहे, आणि तो जास्त दिसतो तीन गोष्टी असल्या तर: खरोखर निद्रानाश असेल, दिवसाला ६०० मिलीग्राम किंवा जास्त अर्क असेल, आणि आठ आठवडे किंवा जास्त घेतलं असेल. रीलमधले सात दिवस यात कुठेच बसत नाहीत.

आणि ती खोटी गोळी, तिला प्लासिबो म्हणतात, ती घेणाऱ्यांची झोप पण सुधारते. झोपेच्या बाबतीत हे फार होतं. आपण काहीतरी घेतलंय, आता लागेल झोप, या विश्वासानेच वॉचमन अर्धा शांत होतो. म्हणून "मला तर पहिल्याच रात्री फरक पडला" असं कोणी सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो, फरक पडलेला असतोच, फक्त तो कॅप्सूलने पडला का हे त्याला सांगता येणार नाही. बऱ्याच अभ्यासांत अर्क कंपनीनेच पुरवलेला असतो हे पण डोक्यात ठेवा.

डब्यावर ६०० लिहिलंय म्हणजे ६०० ना?

नाही हो, आणि हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

नारळ घ्या. खवलेलं खोबरं एक वाटी आणि त्याच खोबऱ्याचं पिळून काढलेलं पहिलं दूध एक वाटी, दोन्ही "एक वाटी नारळ"च, पण कालवणात घातल्यावर एक आहे का? चूर्ण म्हणजे ते खोबरं, सुकं मूळ दळलेलं. अर्क, ज्याला एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, तो म्हणजे पिळून काढलेलं दूध.

सुक्या मुळात विथॅनोलाइड फार कमी असतात, साधारण ०.३ टक्के धरू. मग कॅप्सूलमध्ये ६०० मिलीग्राम नुसतं चूर्ण भरलं असेल तर त्यात विथॅनोलाइड दोन मिलीग्राम पण नाहीत. तेच ६०० मिलीग्राम पाच टक्क्यांचा अर्क असेल तर ३० मिलीग्राम. बाजारात पस्तीस टक्क्यांचे अर्क पण आहेत, त्याचे १२० मिलीग्राम घेतले तर ४२. म्हणजे पुढच्या बाजूला छोटा आकडा असलेली बाटली आत पाच पट, दहा पट, वीस पट जोरकस असू शकते. शेजारणीने "मी ६०० घेते" सांगितलं म्हणून तुम्ही पण ६०० आणलं, तर दोघी एकच गोष्ट खाताय याची काही गॅरंटी नाही.

आयुर्वेदात जो डोस आहे तो चूर्णाचा आहे, तीन ते सहा ग्रॅम, दुधातून वगैरे. तीन ग्रॅममध्ये वरच्या हिशोबाने नऊ मिलीग्राम येतात. आणि जुन्या ग्रंथांत अश्वगंधा बल देणाऱ्या, अंग भरून आणणाऱ्या औषधांत धरलीय, चरकाने तिथेच बसवलीय. अशक्त, वाळलेल्या माणसाला दुधातून मुळाचं चूर्ण, ही जुनी पद्धत. फास्ट जगणाऱ्या माणसाला स्ट्रॉबेरी फ्लेवरच्या गमीतून, म्हणजे चघळायच्या मऊ गोळीतून, तीव्र अर्क, ही नवी. "पाच हजार वर्षांची परंपरा" असं त्या गमीच्या डब्यावर छापतात तेव्हा परंपरा एकीची आणि माल दुसरीचा, असं चाललेलं असतं.

आता मूळ की पान. पानांत विथाफेरिन-ए नावाचं एक तेज द्रव्य जास्त असतं, आणि पानं स्वस्त, उपटायची पण गरज नाही. त्यामुळे काही ठिकाणी अर्कात पानं जातात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कंपन्यांना सांगितलं की पानं वापरू नका, मूळच वापरा. म्हणून लेबलवर "मूळ" किंवा "रूट" असं लिहिलंय का ते बघा. नुसतं अश्वगंधा अर्क लिहिलं असेल तर मी तरी ती बाटली परत ठेवते.

एक लायसन्सची गोष्ट पण सांगून टाकते. हेच मूळ बाजारात दोन दरवाजांनी येतं. एक, आयुर्वेदिक औषध म्हणून, त्यावर राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) आयुर्वेदिक लायसन्स नंबर असतो. दुसरा, खाद्यपदार्थ म्हणून, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असलेलं. दुसऱ्या दरवाजाने आलेल्या डब्यावर मागे छापावंच लागतं की हे औषधी वापरासाठी नाही. पुढे "डीप स्लीप", चंद्र, उशी, आणि मागे बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही. दोन्ही एकाच डब्यावर, कायदेशीरपणे.

"पण आयुर्वेदिक आहे ना, मग साइड इफेक्ट कसला?"

हे वाक्य मला दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळतं, आणि बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याला गोळ्यांची भीती असते एवढंच. पण जी गोष्ट शरीरात काहीतरी बदलते ती नको तिथे पण बदलू शकते. जिचा साइड इफेक्ट शून्य तिचा इफेक्ट पण बहुतेक शून्य.

बऱ्याच लोकांना अश्वगंधेने फारसं काही होत नाही, पोट बिघडतं, मळमळतं, दिवसा सुस्ती येते, एवढंच. पण लिव्हरची गोष्ट खरी आहे. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले पाच पेशंट डॉक्टरांनी नोंदवले, अश्वगंधा सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत कावीळ आणि अंगाला भयंकर खाज. बंद केल्यावर ते बरे झाले, काहींना महिने लागले. तेव्हा आपल्याकडे लोक म्हणाले परदेशातला माल असेल, भेसळ असेल. मग २०२३ मध्ये केरळच्या लिव्हरतज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतातले पेशंट नोंदवले गेले, फक्त अश्वगंधाच घेतलेले आठ जण, आणि त्यातले तीन गेले. ते तिघंही आधीपासून लिव्हरचा जुना आजार असलेले होते.

घाबरवायचं नाहीये. लाखो लोक खातात, त्यात ही माणसं थोडी आहेत, दुर्मिळच म्हणायचं. पण आपल्याकडे फॅटी लिव्हर घरटी एक सापडतो आणि निम्म्यांना माहीतच नसतं की आपल्याला आहे, हे माझं काउंटरवरचं निरीक्षण. त्यामुळे अश्वगंधा चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, खाज सुटली, भूक मेली, तर उष्णता वाढली म्हणून सब्जा पीत बसू नका. त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरला सांगा की हे खात होतो. लोक हेच सांगत नाहीत! डॉक्टर विचारतात काही औषध चालू आहे का, पेशंट म्हणतो नाही, कारण त्याच्या लेखी अश्वगंधा औषधात मोडतच नाही.

"डेन्मार्कने बंदी घातली म्हणजे वाईटच असणार"

डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदी घातली हे खरं. तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने २०२० मध्ये अहवाल दिला होता, त्यात काळजी होती ती थायरॉइडवर आणि लैंगिक हार्मोन्सवर होणारा परिणाम आणि गर्भपाताची शक्यता याची. त्यांचा विचार असा की रोज खायच्या पदार्थात ही गोष्ट सुरक्षित आहे असं कोणी सिद्ध करून दाखवत नाही तोवर नको. भारतातून यावर बरीच टीका झाली, की मूळ आणि बाकी झाड एकाच मापाने मोजलं. टीकेत तथ्य आहे. पण त्यांचा मुद्दा पण समजून घ्यायला हवा, ते वैद्याने तपासून दिलेल्या औषधाबद्दल बोलत नव्हते, सुपरमार्केटच्या रॅकवरून उचललेल्या डब्याबद्दल बोलत होते. आणि आपल्याकडे आता तो तसाच विकला जातो, बिस्किटाच्या शेजारी.

"आमची आजी जायफळ उगाळून द्यायची, तेव्हा कुठे अभ्यास होते?"

आजीचं वेगळं होतं. ती सहाणेवर दोन वेढे फिरवायची, चिमटीएवढं निघायचं, आणि ते दुधातून, साखर घालून, पाठीवर हात फिरवत. त्यात जायफळ किती, दूध किती आणि हात किती याचा हिशोब कोणी करावा. पुरणपोळीनंतर डोळे मिटतात त्यात पण जायफळापेक्षा तूप आणि पुरण जास्त असतं असं माझं प्रामाणिक मत. पण तेच जायफळ चमचा-दोन चमचे पावडर एकदम घेतली तर छातीत धडधड, भ्रम, उलट्या असं होऊन माणसं हॉस्पिटलात पोचलेली आहेत. आजीच्या औषधात सगळ्यात महत्त्वाचं होतं ते तिचं माप, आणि रीलमध्ये नेमकं तेच नसतं.

कोणी घ्यायचीच नाही

गरोदर बायकांनी अजिबात नाही, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तरी नाही, अंगावर पाजणाऱ्यांनी पण नाही. लिव्हरचा कुठलाही त्रास असेल त्यांनी नाही. थायरॉइडवाल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, कारण अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. कमी थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने वरून अश्वगंधा घेतली तर डोस जास्त झाल्यासारखं होऊ शकतं, हात थरथरणं, धडधड, आणि गंमत बघा, झोप उडणं! आमचे काका झोपेसाठी जे मागत होते त्यानेच त्यांची उरलीसुरली झोप गेली असती. शुगर आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर अश्वगंधा घेतली तर शुगर, बीपी हवं त्यापेक्षा खाली जाऊ शकतं. झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी वाढते. आणि अवयव बसवलेले लोक किंवा संधिवातासारख्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, त्यांनी पण लांब राहावं.

आणि मुळात झोप कशाने जातेय ते बघितलंत का?

कारण अश्वगंधेचा उपयोग झालाच तर वॉचमनवाल्यांना होणार. गणपतीत दहा दिवस आमच्या गल्लीत कोणी झोपत नाही, तिथे कुठलं मूळ काय करणार? खिडकीखाली रात्रभर ड्रिलिंग, पंखा गरम वारा फेकतोय, दहा बाय दहाच्या खोलीत एकाचा टीव्ही चालू आणि एकाचा अभ्यास, ही झोप औषधाने येणारी नाही. शिफ्ट बदलून बदलून घड्याळ बिघडलेल्या माणसाचं पण वेगळं. जो जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, सकाळी डोकं जड आणि दिवसा ट्रेनमध्ये उभ्याउभ्या डुलक्या घेतो, त्याला झोपेत श्वास बंद पडायचा आजार असू शकतो, त्याने महिनाभर अश्वगंधा खाऊन वेळ घालवणं हे नुकसानच.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने चाललं असेल तर तो जुना निद्रानाश झाला. त्याला जगभरचे डॉक्टर पहिला उपाय सांगतात तो गोळी नाहीच, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची एक थेरपी आहे, काही आठवड्यांची. त्यात झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, वीस-एक मिनिटं झाली आणि नाही लागली तर उठून बसायचं, सकाळी उठायची वेळ रविवारी पण तीच, असं असतं. आमच्याकडे एका खोलीत पलंग, सोफा, डायनिंग टेबल सगळं एकच असतं त्यामुळे "पलंग फक्त झोपेसाठी" हे ऐकून लोक हसतात, पण निदान रात्रीची चादर वेगळी ठेवा, तेवढ्याने पण फरक पडतो असं एका गिऱ्हाईक ताईंनी मला सांगितलंय. केईएम, नायरला मानसोपचार ओपीडीत झोपेची तक्रार घेऊन गेलात तर कोणी वेडा म्हणत नाही, केस पेपर काढा आणि बसा. आयुर्वेदानेच जायचं असेल तर वरळीला पोदार हॉस्पिटल आहे, तिथले वैद्य नाडी, पोट, भूक बघून ठरवतील की तुम्हाला अश्वगंधा द्यायची का दुसरंच काही. माझ्याकडून बाटली उचलण्यापेक्षा ते कधीही बरं, हे मी दुकानदाराची नोकर असून सांगतेय.

तरी घेणारच असाल तर

एकच गोष्ट घ्या, चूर्ण किंवा अर्क, चार मिश्रणांची "स्लीप फॉर्म्युला" गमी नको, त्यात काय बाधलं ते नंतर शोधता येत नाही. आयुर्वेदिक लायसन्स असलेली, मूळ लिहिलेली, अर्क असेल तर किती टक्के ते लिहिलेली. आठ आठवडे ठीक, तीन महिन्यांच्या पुढचं सुरक्षिततेचं चित्र अजून स्पष्ट नाही, म्हणून वर्षानुवर्षं खात राहायची चीज म्हणून बघू नका. दोन महिन्यांत काहीच वाटलं नाही तर बंद करा, डोस वाढवू नका. आधीची झोपेची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने सोडून याच्यावर उडी मारू नका, ती हळूहळू उतरवावी लागते, एकदम सोडली तर त्रास होतो.

काका परवा थायरॉइडची स्ट्रिप न्यायला आले होते. रात्री नऊचा चहा अजून चालूच आहे, तो सोडणार नाही म्हणाले. पण डॉक्टरला अश्वगंधेचं विचारणार आहेत. मी म्हटलं मग बाटलीचा फोटो काढून न्या, आणि मागच्या बाजूचा काढा हां, पुढे नुसता घोडा असतो.